न मोजलेलं हरीण

नोव्हेंबरच्या मध्यावर जपानमध्ये शिकारीचा हंगाम उघडतो आणि फेब्रुवारीच्या मध्यावर मिटतो. टोकियोच्या कोतो भागातल्या आमच्या इमारतीत त्याची खूण एरवी कुठे दिसत नाही. बाल्कन्यांत गाद्या वाळत असतात, खाली सायकली ओळीने उभ्या असतात, गिन्कोची पानं पिवळी होऊन फुटपाथवर पडत असतात. पण गेली काही वर्षं स्टेशनजवळच्या सुपरमार्केटात या दिवसांत एक छोटा फ्रीझर लागतो. वर पाटी असते, 'जिबिए'. शब्द मूळचा फ्रेंच, पण रानात मारलेल्या जनावराच्या मांसाला इथे आता तोच चालतो. आत हरणाचे आणि रानडुकराचे पातळ काप, गोठलेले, एकावर एक नीट लावलेले. पाकिटावर छापलेलं असतं: चरबी कमी, प्रथिनं भरपूर, लोह भरपूर. कोपऱ्यात प्रांताचं नाव आणि तपासणीचा शिक्का.

चार दिवसांपूर्वी मेधा, म्हणजे माझी बायको, त्या फ्रीझरसमोर बराच वेळ उभी राहिली. मग तिने हरणाचं एक पाकीट उचलून टोपलीत ठेवलं.

"घेतेस?" मी विचारलं.

"इरा शनिवारी येतेय ना," ती म्हणाली. इरा आमची मुलगी. योकोहामाला शिकते आणि तिथेच राहते.



पाकिटावर छापलेलं सगळं खरं आहे. रानातलं हरीण दिवसभर चढ-उतार करतं. झाडाची साल, कोवळे कोंब, बांबूची पानं खातं. त्याला कोणी खुराक घालत नाही, कोंडून ठेवत नाही, औषधं टोचत नाही. म्हणून मांसावर चरबी नावालाच असते, आणि रंग इतका गडद की पहिल्यांदा पाहणाऱ्याला ते शिळं वाटावं. तो गडदपणा लोहाचा. पालकातल्या लोहापेक्षा मांसातलं लोह शरीराला फार सहज लागू पडतं. शिवाय बी-१२ आहे, जस्त आहे. काळजी घ्यायच्या गोष्टीही आहेत, त्याही सांगायला हव्यात. ते कच्चं किंवा अर्धवट शिजलेलं खाऊ नये. गोळी लागलेल्या जागेभोवतीचं मांस कापून टाकावं. चवीचं म्हणाल तर बोकडाच्या मटणातून त्याचा वास काढून घेतला आणि कलेजीचा थोडा गोडवा मिसळला, की साधारण तिथपर्यंत पोचता येतं.

जपानमध्ये एके काळी चार पायांच्या जनावरांचं मांस खाणं धर्माला मान्य नव्हतं. तरी लोक खात. हरणाला 'मोमिजी' म्हणजे मेपलचं पान म्हणत, रानडुकराला 'बोतान' नावाच्या फुलाचं नाव देत, आणि थंडीत खाताना सांगत की हे जेवण नव्हे, औषध आहे. त्याला शब्दच आहे, 'कुसुरिगुई'. औषध म्हणून खाणं. हा शब्द मला होशी-सानांनी शिकवला.

होशी-सान मेधाच्या संस्थेच्या वर्कशॉपमध्ये लेथवर होते. मेधा किरणोत्सार मोजणाऱ्या यंत्रावर काम करते. डिटेक्टरवर नमुन्याचं भांडं नेमकं मधोमध बसावं लागतं, केसभरही सरकलं तर आकडा बदलतो. त्यासाठी लागणारी अॅक्रिलिकची कडी होशी-सानांनी हाताने करून दिली होती. तीन वेळा केली. पहिल्या दोन मेधाला चालल्या असत्या, त्यांना चालल्या नाहीत. बुटके, रुंद खांद्यांचे, बोलताना समोरच्याच्या हातांकडे बघणारे गृहस्थ. निवृत्त झाले आणि तोचिगी प्रांताच्या उत्तरेला डोंगरातल्या आपल्या गावी मुलीकडे परत गेले. ते शिकारी आहेत हे संस्थेत फार थोड्यांना माहीत होतं.

मेधाला ते माहीत झालं, त्याची सुरुवात जिन्यावर झाली. इराच्या जन्मानंतर तिला रक्तस्रावाचा त्रास सुरू झाला आणि काही वर्षांत हिमोग्लोबिन आठाच्या खाली गेलं. लोहाच्या गोळ्या तिच्या पोटाला सोसत नव्हत्या. होशी-सानांच्या नोकरीच्या शेवटच्या महिन्यात एकदा ती दोन मजले चढून पायरीवर बसली होती, आणि ते खालून येत होते.

"यंत्र बिघडलं का?" त्यांनी विचारलं.

"यंत्र नाही, मी. रक्त कमी आहे."

"मांस खाता?"

"कधीतरी. कोंबडी, मासे."

"कोंबडी," ते म्हणाले, आणि एवढ्यावर विषय मिटल्यासारखं मान हलवून वर गेले.

नोव्हेंबरात घरी खोकं आलं. थंड कुरिअरने, पांढऱ्या थर्माकोलच्या डब्यात. आत हरणाच्या तंगडीची चार पाकिटं, प्रत्येकाच्या मध्ये रानबांबूचं एकेक हिरवं पान. सोबत चिठ्ठी: औषध आहे, चवीची तक्रार चालणार नाही.

मी पुण्यातल्या एका दैनिकात बारा वर्षं काढली होती. आधी जिल्ह्यात वार्ताहर, मग डेस्कवर उपसंपादक. टोकियोत मेधाच्या नोकरीमुळे आलो आणि घरून भाषांतरं करत राहिलो, म्हणून स्वयंपाकघर बरंचसं माझ्याकडे. रानातल्या मांसाशी माझा तोवरचा संबंध फक्त बातमीपुरता होता. भोरच्या बाजूला रानडुक्कर मारल्याबद्दल तिघांना अटक झाली होती, ती मी चार ओळींत दिली होती. आमचा फोटोग्राफर तेव्हा म्हणाला होता, "बातमी चार ओळींची आणि रस्सा चाळीस घरांचा." आपल्याकडे शिकारीला बंदी आहे आणि ती योग्य आहे. पण त्या गावात रानडुकराचं नाव निघालं की म्हाताऱ्यांचे आवाज कसे खाली यायचे आणि डोळे कसे वर यायचे, ते मी पाहिलं होतं. बातमीत त्याला जागा नव्हती.

होशी-सानांचं हरीण मी बोकडाचं समजून कुकरला लावलं. पाच शिट्ट्या. कांदा-खोबऱ्याचं वाटण, आईने पाठवलेला काळा मसाला. जे तयार झालं ते चावता येत नव्हतं. मेधाने औषध म्हणून गिळलं. मी आभाराचा फोन केला आणि खरं ते सांगून टाकलं.

"किती वेळ शिजवलंत?" होशी-सानांनी विचारलं.

"पंचवीस मिनिटं. प्रेशर कुकरमध्ये."

"देसाई-सान, ते आधीच मेलेलं होतं."

मग त्यांनी नीट सांगितलं. चरबी नाही, त्यामुळे फार वेळ आग दिली की मांस आक्रसतं. पातळ काप, मांसाच्या धाग्यांना आडवे. रस्सा आधी पूर्ण होऊ द्या, मांस शेवटी घाला, आतपर्यंत रंग बदलला की ताबडतोब उतरवा. पुढच्या वेळी तसं केलं. इरा तेव्हा सहा वर्षांची होती. ती रस्सा ओरपत म्हणाली की हे हरीण तिखट आहे. होशी-सानांना हे वाक्य इतकं आवडलं की त्यांनी ते गावात सगळ्यांना सांगितलं.

डबा रिकामा परत पाठवायचा नाही, ही आपली रीत. तिकडेही आलेल्या भेटीला परतभेट द्यावीच लागते. त्यामुळे तो थर्माकोलचा डबा तोचिगी आणि कोतो यांच्यामध्ये फिरत राहिला. जाताना बेसनाचे लाडू, चिवडा, संक्रांतीला तिळगूळ. येताना हरीण, एकदा रानडुक्कर. तिळगुळाचा अर्थ मी चिठ्ठीत लिहिला होता. त्यावर त्यांचं उत्तर आलं की गोड बोलण्याची अट कठीण आहे, चिवडा पाठवत जा, तो साकेबरोबर छान लागतो. फेब्रुवारीत मेधाचं हिमोग्लोबिन दहाच्या वर गेलं. हरणामुळे की बदललेल्या गोळ्यांमुळे, हे सांगता येणार नाही. डॉक्टरांनी विचारलं, काय खाता? ती म्हणाली, हरीण. त्यांनी तसं लिहून घेतलं. त्या महिन्यात ती स्टेशनचा जिना न थांबता चढली आणि वर पोचल्यावर खाली माझ्याकडे बघून हात हलवला. मी हातात पिशव्या घेऊन खाली उभा होतो. तो हिवाळा आमच्या घरातला बहुधा सगळ्यांत चांगला हिवाळा होता. तेव्हा तसं काही वाटलं नव्हतं.

मार्चमध्ये भूकंप झाला.

त्यानंतरचं पुष्कळांनी लिहिलं आहे. इथे घरापुरतं लिहितो. काळ्या मसाल्याची बरणी फुटली आणि तो वास आठवडाभर खोल्यांतून गेला नाही. फुनाबोरीतली आमच्या ओळखीची मराठी कुटुंबं एकामागून एक विमानात बसली. काही परत आली, काही आली नाहीत. अणुभट्टीच्या अपघातानंतर दुकानात भाजीचा प्रांत वाचल्याशिवाय कोणी जुडी उचलेना. शाळेच्या जेवणातलं दूध कुठलं, हे विचारायला आया रांगेत उभ्या राहिल्या. मेधाचा डिटेक्टर अखंड चालू झाला. माती, पाणी, चहाची पानं, तांदूळ. ती घरी यायची तेव्हा तिच्या बोलण्यात आकडे असायचे आणि चेहऱ्यावर काही नसायचं. उन्हाळ्यापर्यंत तिचं हिमोग्लोबिन पुन्हा खाली गेलं. महिन्यातून एकदा दंडात सुई लावून लोह चढवायला सुरुवात झाली.

हिवाळ्याच्या तोंडाशी बातम्या येऊ लागल्या की रानडुकरांत आणि हरणांत किरणोत्सारी सीझियम सापडतं आहे. रानातलं जनावर रानातलंच खातं, हा त्याचा गुण होता. तोच आता दोष झाला. पानांवर पडलेलं त्याच्या पोटात गेलं, पोटातून मांसात. तोचिगीचं नाव बातमीत होतं. विक्रीवर बंदी आली. मी त्या बातम्या दोन-दोन वर्तमानपत्रांतून वाचत होतो.

आणि नोव्हेंबरच्या शेवटी खोकं आलं.

तोच डबा, तीच बांबूची पानं. चिठ्ठीत फक्त एक ओळ: मेधा-सान, यंदा जास्त खावं लागेल.

डबा ओट्यावर होता. वीज वाचवायची म्हणून हीटर बंद होता आणि आम्ही दोघं घरात कोट घालून उभे होतो.

"रविवारी लाव ना यंत्रावर," मी म्हटलं. तिच्या प्रोफेसरांनी सगळ्यांना सांगून ठेवलं होतं की घरचं काही तपासायचं असेल तर रविवारी यंत्र मोकळं असतं. लोक आईवडिलांच्या शेतातला पालक आणत होते.

"आणि आकडा आला तर?" मेधा म्हणाली.

"तर त्यांना कळवू."

"काय कळवू? तुमचं हरीण खाण्यालायक नाही? अरे, त्यांच्या घरात रोज तेच शिजतं."

"मग तर कळवायलाच हवं."

"तू लिहिशील ते पत्र?"

मी डब्याचं झाकण लावलं.

"इराला मी हे देणार नाही," ती म्हणाली. "आणि त्यांचं मनही मोडणार नाही. मला दुसरं काही सुचत नाहीये."

दुसऱ्या कुठल्या घरात ही चूक ठरली नसती. जिच्या हाताशी ते यंत्र नाही, तिने निमूट मांस टाकलं असतं, तर तिला दोष देता आला नसता. मेधाच्या हाताशी ते होतं. आणि ज्याचं पोट बारा वर्षं एकाच प्रश्नावर चाललं, की हे तपासलं का, तो मी. तपासलं असतं तर सांगावं लागलं असतं. न तपासता सगळं जागच्या जागी राहत होतं. मांस खराब आहे असं आम्ही धरून चाललो. ते खराब नसेल, ही शक्यता त्या संध्याकाळी बोलण्यात आलीच नाही.

कोतोमध्ये जळणारा कचरा ठरलेल्या दिवशी सकाळी आठच्या आत ठेवावा लागतो. मांस पूर्ण गोठलेलं असताना टाकायचं, म्हणजे रक्त गळत नाही. मी ते वर्तमानपत्रात गुंडाळायचो. चार पाकिटं, चार गुंडाळ्या, एक पारदर्शक पिशवी. वर कावळ्यांसाठीची जाळी ओढायची. इमारतीचे रखवालदार मला नमस्कार करायचे, आणि मी त्यांना. घरी येऊन मी पत्र लिहायचो. या वेळचं मांस विशेष मऊ होतं. मेधाला बरं वाटतं आहे. डब्यात चिवडा ठेवला आहे.

इराला काय सांगायचं, हा प्रश्न पहिल्याच आठवड्यात आला. तिने डबा पाहिला होता. ती बांबूची पानं गोळा करून वहीत दाबून ठेवायची. मी निशी-कासाईच्या हलाल दुकानातून बोकडाचं मटण आणलं आणि पातळ काप करून काळ्या मसाल्यात शिजवलं.

"हे होशी-जीजींचं?" तिने विचारलं. जीजी म्हणजे आजोबा.

"हो," मी म्हटलं.

तिने दोनदा वाढून घेतलं. मग कागदावर शिंगं असलेलं हरीण काढून खाली जपानीत लिहिलं, 'ओइशिकात्ता', चविष्ट होतं. ते चित्र माझ्या पत्रासोबत डब्यात गेलं. माझ्या पत्रात सात ओळी होत्या आणि चिवड्याची सोडली तर सगळ्या खोट्या होत्या. तिची एकच होती आणि ती खरी होती. ती तशी व्हावी याची व्यवस्था मी केली होती.

त्या हिवाळ्यात तीन खोकी आली. तिसऱ्याच्या आधी होशी-सानांचा फोन आला.

"तिकडे बर्फ किती?" मी विचारलं.

"पुष्कळ. शिकार कमी आहे. इथलं जनावर आता मारलं की पुरावं लागतं. खड्डा खणायला माणसं लागतात, आणि आम्ही सगळे म्हातारे. न खाण्यासाठी मारायचं, हे माझ्या हाताला जमत नाही, देसाई-सान."

मी म्हटलं, खरं आहे.

"मेधा-सानचं रक्त?"

"बरं आहे," मी म्हटलं. त्याच दुपारी तिला सुई लावून आणलं होतं.

इथलं पुरावं लागतं, तर मग आम्हाला येतं ते कुठलं? हा प्रश्न डेस्कवरच्या शिकाऊ उपसंपादकालाही सुचला असता. मी विचारला नाही. विचारला असता तर आधीच्या दोन पत्रांपर्यंत मागे जावं लागलं असतं. आम्ही हवापाण्याचं बोललो आणि फोन ठेवला.

पुढच्या हिवाळ्यात दोन खोकी आली. त्याच्या पुढच्या हिवाळ्यात एक. दर वेळी तीच जाळी, तेच पत्र, इराचं नवं चित्र. मेधाचं ऑपरेशन झालं आणि तिचं रक्त हळूहळू जागेवर आलं. ते आम्ही होशी-सानांना लगेच कळवलं, कारण ते खरं होतं. त्यांचं उत्तर आलं: औषध लागू पडलं.

त्यानंतरच्या शरद ऋतूत ते गेले. अंगणात लाकडं रचताना पडले, असं त्यांच्या मुलीने, कायोको-सानने, पत्रात लिहिलं होतं. एकोणपन्नासाव्या दिवसाचे विधी झाले की या, बाबांनी तुमच्यासाठी काही ठेवलं आहे. आम्ही तिघं गेलो तो शिकारीच्या हंगामाचा पहिला आठवडा होता. स्टेशनपासून गावापर्यंत मेपल पेटल्यासारखे लाल होते आणि डोंगरात एकदाही बंदुकीचा आवाज आला नाही.

घर लहान होतं. ज्या खोलीत त्यांचा फोटो होता तिथेच कायोको-सानने आम्हाला बसवलं. आम्ही उदबत्ती लावली. पन्नाशीच्या, वडिलांसारख्याच रुंद खांद्यांच्या बाई. त्यांनी चहा दिला आणि एक निळी फाइल समोर ठेवली. आत एका बाजूला इराची चित्रं होती, सहाही, तारखांप्रमाणे लावलेली. दुसऱ्या बाजूला सहा छापील कागद.

मी वाचू लागलो. शेजारच्या शहरातल्या मोजणी केंद्राचे अहवाल होते ते. नमुना: हरीण, मागची तंगडी. ठिकाण: यामानाशी. सीझियम: आढळले नाही. सहाही कागदांवर तेच. प्रत्येकाखाली पेन्सिलीने लिहिलं होतं, 'मेधा-सान, कोतो'. तारखा मी मनात जुळवून पाहिल्या. प्रत्येक अहवाल आमचं खोकं निघायच्या एक-दोन दिवस आधीचा होता. आमच्या धंद्यात याला दुजोरा मिळाला म्हणतात.

"यामानाशी?" मेधाने विचारलं. तिचा आवाज नेहमीचाच होता.

"तिकडे बाबांचा एक जुना मित्र आहे," कायोको-सान म्हणाल्या. "अणुभट्टीपासून ते लांब. दुसऱ्या प्रांतात शिकार करायची तर वेगळी नोंदणी लागते, ती त्यांनी केली. छोट्या ट्रकने पाच तास जायचे. मी म्हणायची, या वयात, बर्फात. ते म्हणायचे, औषध आणायला माणूस जातोच ना. आल्यावर किलोभर मांस बारीक चिरून मोजायला द्यायचे. तेवढं वाया जायचं म्हणून हळहळायचे."

"कागद डब्यात का नाही घातला त्यांनी?" मी विचारलं. तीन वर्षं उशिरा विचारलेला प्रश्न.

"मीही तेच म्हटलं होतं. तर म्हणाले, मेधा-सान स्वतः मोजणारच. तिच्या यंत्राची कडी मी केली आहे, मला माहीत आहे ती किती बिनचूक आहे. मी कागद घातला तर तिच्या कामात लुडबुड केल्यासारखं होईल. फक्त तिच्या यंत्रावर काही दिसायला नको. दिसलं तर बिचारी मला कसं सांगेल?"

त्या हसल्या आणि फोटोकडे बघितलं.

"तुमचं पत्र आलं की मला वाचायला लावायचे. विचारायचे, मोजलं असं कुठे लिहिलंय का? मी म्हणायची, नाही. पहिल्या वेळी त्यांनी पत्र पुन्हा वाचायला लावलं. मग म्हणाले, म्हणजे न मोजताच खाल्लं. आणि त्या दिवशी त्यांनी दुपारीच साके काढली. तुमच्या चिवड्याबरोबर. त्या वर्षी इथलं कोणी काही हातात घेत नव्हतं हो. मशरूम नाही, भाजी नाही. शेजारचे नातवंडांना पाठवायचे ते परत यायचं."

मेधा चटईकडे बघत होती. तिचे दोन्ही हात गुडघ्यांवर होते आणि बोटं एका रेषेत होती.

"इरा-चान," कायोको-सान म्हणाल्या, "तुला कोणतं सगळ्यांत आवडलं होतं? बाबांना नेहमी विचारायचं होतं."

इरा तेव्हा दहाच्या जवळ होती. तिने नीट विचार केला. "काळ्या मसाल्यातलं," ती जपानीत म्हणाली. "खूप नरम होतं. मी दोनदा घेतलं."

"ऐकलंत ना, बाबा," कायोको-सान फोटोला म्हणाल्या.

त्या खोलीत तोंड उघडायला जागा होती. मी ती पाहिली आणि जाऊ दिली. समोर जी बाई बसली होती तिच्याकडे वडिलांचं तेवढंच उरलं होतं, असं मी स्वतःला सांगितलं. तेही एक प्रकारचं पत्रच होतं, आधीच्या सहांसारखं.

परतीच्या गाडीत इरा खिडकीला डोकं टेकून झोपली. ओमिया स्टेशन गेल्यावर मेधा म्हणाली, "मांस चांगलं होतं हे मला एकवेळ सहन होईल."

"मग?"

"आपल्याला वाटत होतं की ते खराब आहे. तीन वर्षं. आणि तेच ते खातायत असं समजून आपण त्यांना लाडू पाठवत होतो." ती थांबली. "त्यांना सावध करायचं एकदाही आपल्या मनात आलं नाही, म्हणजे आलं, पण आपण केलं नाही. त्याचं काय करायचं?"

त्याचं काय करायचं, हे मला अजून माहीत नाही. डोंगरावरून आलेलं ते मांस किती शुद्ध होतं हे सहा कागदांवर लिहिलेलं आहे. आमच्या घरात ते आलं तेव्हा काय झालं, त्याचा कागद कुठेच नाही.

मेधाच्या संस्थेत आता नवं यंत्र आहे. जुन्या यंत्राची कडी तिने मागून घेतली. ती आमच्या पुस्तकांच्या कपाटात ठेवलेली आहे, पारदर्शक, कुठेही चरा नसलेली. घरी येणारे पाहुणे विचारतात, हे काय? मेधा सांगते, एका मित्राने करून दिलं होतं.

परवा इराचा फोन आला. "बाबा, काय करतोयस?"

"लिहितोय. होशी-जीजींवर."

"मराठीत?" इरा मराठी बोलते, पण वाचताना अडखळते, आणि दोन ओळींनंतर सोडून देते. मी मराठीत लिहायला घेतलं त्यामागे हेही कारण होतं, ते इथे नोंदवतो.

"हो."

"मग शनिवारी वाचून दाखव ना. आणि आई म्हणाली हरीण आणलंय. बघू, जीजींच्यासारखं लागतं का. मला ती चव अजून आठवते."

मी म्हटलं, ये.

मेधाने वरचं सगळं काल वाचलं. चष्मा काढून तिने पानं सारखी केली आणि माझ्याकडे परत दिली. एका ठिकाणी तारखेचा क्रम चुकला होता, तो तिने दुरुस्त केला. बाकी कशाला हात लावला नाही.

"आधी जेवण करू या की आधी वाचू?" मी विचारलं.

"आधी वाच," ती म्हणाली. "मग जेवायचं की नाही, ते तिला ठरवू दे."